कोरिप्पोची शिरगणती

कोरिप्पो या स्विस खेड्याबद्दल कुणीही बोलायला लागलं की गाडी माणसांच्या आकड्यावरच येऊन थांबते. 1850 साली 294 माणसं, 2000 साली 22, आणि 2020 मध्ये तिथली नगरपालिका शेजाऱ्यांत विलीन झाली तेव्हा जेमतेम डझनभर. स्वित्झर्लंडमधली सगळ्यात कमी वस्तीची नगरपालिका म्हणून गावाचं नाव झालं, फोटो छापून आले, हळहळून झालं. आकड्यांशी माझं भांडण नाही. पण मी पडलो निवृत्त तलाठी. लोकसंख्येचा आकडा दिसला की तो कुणी घेतला, कोणत्या महिन्यात घेतला आणि त्या दिवशी किती दारांना कुलपं होती, हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही.

लेक झुरिचला असते. तिच्याकडं गेलो तेव्हा तिनं बर्फाचे डोंगर आणि चॉकलेटचे कारखाने असा बेत आखून ठेवला होता. मी म्हटलं, मला एक दिवस कोरिप्पोसाठी दे. त्यावर आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "चार घरं बघायला एवढ्या लांब? मग सुरगाणा काय वाईट होता?" सुरगाणा म्हणजे आमच्या नाशिक जिल्ह्यातला डोंगराळ, आदिवासी तालुका. बाई बोलून गेल्या ते सहज, पण दिवसभर माझ्या डोक्यात तेच घोळत राहिलं.

आधी भूगोल. अख्खा स्वित्झर्लंड 41,285 चौरस किलोमीटरचा, म्हणजे आमचे तीन नाशिक जिल्हेसुद्धा त्यात पुरते बसत नाहीत. झुरिचहून दक्षिणेकडं निघालं की गाडी गॉटहार्डच्या डोंगरात शिरते. 57 किलोमीटरचा बोगदा आहे, 2016 मध्ये सुरू झाला. डबा खाऊन होतो न होतो तोच बाहेर पडलो, आणि स्टेशनांवरच्या पाट्या जर्मनमधून इटालियनमध्ये गेल्या. हा टिचिनो प्रांत, तिथल्या भाषेत कँटन. लोकार्नो गाव माज्जोरे सरोवराच्या काठी, समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आत-बाहेर. तिथून पिवळी बस वर्झास्का नदीच्या खोऱ्यात चढते.

खोऱ्याच्या तोंडाशीच धरण आहे, 220 मीटर उंच, 1965 मध्ये पुरं झालेलं. मातीची रुंद, बसकी धरणं बघायची सवय असलेल्या नाशिककराला ही कमानदार, ताटकळत उभी राहिल्यासारखी काँक्रीटची भिंत खोटीच वाटते. भिंतीमागं हिरवं पाणी, आणि पाण्याच्या पलीकडच्या अंगाला, उतारावर कुणी मूठभर दगड टाकावेत तसं कोरिप्पो. फाट्यावर उतरून चढ चढलो. उंची विचाराल तर साडेपाचशे मीटरच्या जरा वर, म्हणजे साधारण आपल्या नाशिकइतकीच. आल्प्समधलं गाव म्हणून लेकीनं आम्हाला दोन-दोन स्वेटर घालायला लावले होते, ते दोन्ही हातात घेऊन चढावं लागलं.

क्षेत्र सुमारे 773 हेक्टर. तलाठ्याच्या हिशेबानं बघितलं तर हे गाव म्हणजे जवळपास सगळा पोटखराबाच. रान, कडे, ओघळ. लागवडीलायक जमीन म्हणजे घरांच्या मागं दगडी ताली रचून धरून ठेवलेल्या चार-दोन पट्ट्या. अशा गावात 294 माणसं काय खाऊन जगत होती, हा पहिला प्रश्न.

उत्तर पायाखालीच पडलं होतं. ऑक्टोबर होता, वाटेवर चेस्टनटचा सडा. काटेरी बोंडं फुटून आतली तपकिरी फळं चढाभर लोळत होती आणि कुणी उचलत नव्हतं. या खोऱ्यांमध्ये शतकानुशतकं हेच मुख्य अन्न होतं. चेस्टनट वाळवायला वेगळी दगडी खोपटी असायची, खाली मंद धूर करायचा, वर फळ्यांवर फळं पसरायची, आठवडे-आठवडे. मग कुटून टरफलं काढायची, दळून पीठ करायचं आणि ते पीठ वर्षभर पुरवायचं. जोडीला राय हे गव्हासारखं धान्य, शेळ्या, थोडंसं दूध. आपल्याकडं पेठ-सुरगाण्यात नागली आणि वरईवर जो भार, तोच तिथं या झाडावर.

घरं बघण्यासारखी आहेत खरी. भिंतीही दगडाच्या आणि छपरंही दगडाचीच. चांगल्या जाडजूड फरश्या एकावर एक सरकवून रचलेल्या, खिळा कुठंच दिसत नाही. एवढं वजन पेलायला खाली कसल्या तुळया लागत असतील! वर शेवाळ धरून छप्पर आणि डोंगर यांचा रंग एक झालेला. मध्यभागी सतराव्या शतकातलं चर्च, पांढऱ्या मनोऱ्याचं. चर्चसमोर दोन खाटा पडतील एवढीच मोकळी जागा. गावठाण इतकं दाटीचं का, तर उतारावर सपाट जागा मिळेल तिथं आधी पीक, उरेल तिथं माणूस.

इतिहासात फार खोल जात नाही. गावाचं नाव तेराव्या शतकातल्या कागदांत सापडतं. 1513 पासून 1798 पर्यंत लोकार्नोचा सगळा मुलूख 12 स्विस कँटनांच्या ताब्यात होता. ते आळीपाळीनं आपला अंमलदार पाठवायचे, त्याची मुदत दोन वर्षं. भाषा वेगळी, गाव ओळखीचं नाही, आणि रुळतोय तोवर बदली. ही व्यवस्था महसूल खात्यात काम केलेल्या कुणालाही समजावून सांगावी लागणार नाही. 1803 मध्ये नेपोलियनच्या फर्मानानं टिचिनो हा स्वतंत्र कँटन झाला.

पण माझं लक्ष होतं दुसरीकडं. वर्झास्काचे लोक वर्षभर वर्झास्कात राहतच नव्हते. खाली लोकार्नोजवळ मागादिनोचं सपाट मैदान आहे. वरच्या गावांचे तिथं जमिनीत हक्क होते, द्राक्षाचे मळे होते, गोठे होते. हिवाळा लागला की कुटुंबं गुराढोरांसकट खाली उतरायची, उन्हं तापली की वर. अर्धं बिऱ्हाड इथं, अर्धं तिथं, आणि वर्षातून कैक वेळा वाटेवर. ही सवय इतकी जुनी की लावेर्तेत्सो आणि जेर्रा या खोऱ्यातल्या दोन गावांच्या हद्दीतच मैदानातला वेगळा तुकडा होता. एकच गाव, दोन जागी, मध्ये दुसऱ्यांच्या हद्दी. नकाशावर असं गाव बघितलं की मोजणीवाल्याला घाम फुटावा.

काहींची वाट याहून लांबची. खोऱ्यातली लहान पोरं धुराडी साफ करायला इटलीतल्या लोंबार्दीच्या शहरांत, मिलानपर्यंत पाठवली जात, कारण अरुंद धुराड्यात पोरच मावतं. 1850 नंतर टिचिनोतले बरेच पुरुष सोन्याच्या आशेनं ऑस्ट्रेलियाला आणि पुढं कॅलिफोर्नियात गेले. कॅलिफोर्नियात पुष्कळ जणांनी गाई पाळल्या आणि दुधावर पोट भरलं.

आता माझ्या मुद्द्यावर येतो. स्वित्झर्लंडची 1850 ची शिरगणती मार्चमध्ये झाली. पुढच्या बहुतेक सगळ्या डिसेंबरात, तीही महिन्याच्या पहिल्या तारखेला. डिसेंबरात वर्झास्कात वर किती चुली पेटत असतील? 'कायमचा रहिवासी' आणि 'त्या दिवशी हजर' असा भेद कागदावर करता येतो, नाही असं नाही. पण दोन घरं असलेल्या माणसाला तुझं कायमचं घर कोणतं असं विचारलं, तर तो आधी विचारणाऱ्याचं तोंड बघतो. पट्टी वसूल करायला आलाय की काही वाटायला आलाय, यावर त्याचं गाव ठरतं.

मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही. 2011 च्या जनगणनेत माझ्याकडं दिंडोरीच्या बाजूचं काम होतं. घरोघर फिरण्याचे दिवस 9 ते 28 फेब्रुवारी. नाशिकचा फेब्रुवारी म्हणजे काय, हे द्राक्षवाल्याला विचारा. खुडा जोरात, पॅकहाऊस रात्रंदिवस सुरू, आणि प्रत्येक मोठ्या बागेच्या कडेला प्लॅस्टिकच्या कागदाची पालं. पालांत राहणारी माणसं सुरगाण्याची, पेठची, त्र्यंबकच्या वरच्या पाड्यांवरची. भात काढून झालं, दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घ्यायची आणि अख्खं बिऱ्हाड बागांवर. पेस्ट लावणं, फेलफूट काढणं, डिपिंग, थिनिंग अशी बागेची कामं, मग खुडा. परत जायचं ते होळीला, कारण होळीला पाड्यावर नसणं त्यांच्यात बसत नाही. त्या वर्षी होळी मार्चच्या मधोमध होती. गणना त्याच्या आधीच संपलेली.

नियम असा होता की गणनेच्या त्या सगळ्या काळात माणूस आपल्या घरी नसेल, तर तो जिथं सापडेल तिथं मोजायचा. नियम चुकीचा नाही, नाहीतर तो कुठंच मोजला जाणार नाही. पण याचा अर्थ काय होतो बघा. एका बागेवर मी गणक गुरुजींबरोबर गेलो होतो. पालासमोर म्हातारा बसला होता, तीन दगडांच्या चुलीवर भाकरी चाललेली, दोन नातवंडं द्राक्षाच्या फुटलेल्या क्रेटमध्ये बसून खेळत होती. गुरुजींनी गाव विचारलं. म्हाताऱ्यानं पाड्याचं नाव सांगितलं. गुरुजी म्हणाले, आता इथं लिहावं लागेल बाबा. म्हातारा माझ्याकडं बघून म्हणाला, "भाऊसाहेब, इथं तं आमची भाकर हाय, गाव नाही." गुरुजींनी तरी इथंच लिहिलं, आणि मीही लिहू दिलं, कारण सूचना तशाच होत्या.

तिकडं वर पाड्यावर दुसऱ्या गणकाला कुलूप दिसलं असणार. कुलूप म्हणजे शून्य. आणि हा शून्य नुसता रकान्यात बसून राहत नाही. पंतप्रधान ग्रामसडक योजनेत आदिवासी भागातल्या वस्तीला पक्का रस्ता मिळायचा तर 250 माणसं लागायची, तीही 2001 च्या जनगणनेत मोजलेली. ती जनगणनाही फेब्रुवारीतच झाली होती. ग्रामपंचायतीत 7 सदस्य असायचे की 17, तेही लोकसंख्येवर. जी माणसं बागेवर राबत होती त्यांचा आकडा बागेच्या गावाला गेला, जिथं डांबरी रस्ता आधीच होता. जिल्ह्याची एकूण बेरीज, 61,07,187, तेवढीच राहते. फरक पडतो तो बेरजेच्या आत.

म्हणून कोरिप्पोची 294 वरून बारापर्यंतची उतरण मी जरा जपूनच वाचतो. लोक गेले हे खरंच आहे. पण ते एका सकाळी दार लावून निघून गेले असं झालेलं नाही. मागादिनोचं मैदान पूर्वी दलदलीचं, हिवतापाचं. टिचिनो नदीला बांध घालून पात्र सरळ करायचं काम 1888 च्या सुमारास सुरू झालं. त्याच्या आधी, 1882 मध्ये, गॉटहार्डची रेल्वे आली होती. मैदानात बारमाही शेती होऊ लागली, पुढं कारखाने आले, शाळा, दवाखाने आले. खालचं हिवाळी घर हळूहळू बारमाही झालं आणि वरचं उन्हाळी. माणसं त्याच वाटेनं येत-जात राहिली, फक्त एका वर्षी वर परत जायचे दिवस आणखी कमी झाले, पुढच्या पिढीत आणखी. कोरिप्पोतून मैदान दिसत नाही, पण बसनं ते तासाभराच्या आतलं अंतर आहे. ही लोकं हरवली नाहीत, डोंगर उतरून खाली राहिली.

2010 पासून तर स्विस लोक घरोघर फिरतही नाहीत. नगरपालिकेच्या नोंदवहीवरूनच लोकसंख्या काढतात. राहायला आलात की नोंद, गेलात की नोंद, आणि एका माणसाचं अधिकृत घर एकच. ज्याचं वडिलोपार्जित घर कोरिप्पोत आहे, जो दर शनिवारी येऊन छपराची फरशी सरळ करतो, पण ज्याची नोंद खाली मैदानातल्या गोर्दोलात आहे, तो कोरिप्पोच्या आकड्यात नाही.

याला जोडून एक गंमत आहे. स्विस पासपोर्टवर जन्मगाव लिहीत नाहीत, मूळ गाव लिहितात. बापाचं, आजोबाचं, खापरपणजोबाचं जे गाव तेच नातवाचं, मग तो जन्मला जिनिव्हात का असेना. त्यामुळं वस्ती डझनभर असतानाही कागदोपत्री 'कोरिप्पोचे' असलेले लोक त्याहून पुष्कळ जास्त. त्यांना धरून मोजलं असतं तर बातमीच झाली नसती. शिवाय टिचिनोत रान आणि कुरणं बहुधा नगरपालिकेची नसतात, ती मूळ घराण्यांच्या वेगळ्या मंडळाची असतात. म्हणजे गावाचे दोन पसारे, एक राहणाऱ्यांचा, एक मूळच्यांचा. हे मला फार आवडलं. आपल्याकडं वनहक्काच्या सामूहिक दाव्यांत जे इतकं घासाघीस करून मिळवावं लागतं, ते तिथं जुन्या वहिवाटीतच आहे.

विलीनीकरण झालं 18 ऑक्टोबर 2020 रोजी. कोरिप्पो, वोगोर्नो, ब्रिओने, फ्रास्को, सोनोन्यो ही गावं एक झाली, नाव वर्झास्का. लावेर्तेत्सो आणि जेर्रा यांचा फक्त डोंगरातला भाग यात घेतला, मैदानातले तुकडे बाहेर ठेवले. वर-खाली राहण्याची ती शेकडो वर्षांची रीत त्या दिवशी दप्तरातूनही मोडली. माझ्या मते खरी बातमी ही होती, आणि ती सोडून सगळे बारा माणसं मोजत बसले. विलीन होणं तसं तिथं नवं नाही. 1990 च्या सुमारास देशात तीन हजारांवर नगरपालिका होत्या, आता 2,100 च्या आसपास आहेत. नगरपालिका म्हणजे करही ठरवायचा, नागरिकत्वाचे अर्जही बघायचे. टिचिनोत कार्यकारी मंडळाला किमान तीन माणसं लागतात. डझनभर म्हाताऱ्यांतून ती कुठून आणायची? आपल्याकडं याला गट ग्रामपंचायत म्हटलं असतं आणि पहिल्याच सभेत कार्यालय कोणत्या गावात यावर खुर्च्या उडाल्या असत्या.

गावाचं आता काय चाललंय? घरं पडू नयेत म्हणून 1975 मध्ये एक प्रतिष्ठान स्थापन झालं. त्यांनी बरीच वर्षं घालवून काही रिकामी घरं दुरुस्त केली आणि 2022 मध्ये तिथं हॉटेल सुरू झालं. एका इमारतीत नाही, गावभर पसरलेलं. एक खोली या गल्लीत, दुसरी त्या ओट्याशेजारी, आणि जेवायला सगळ्यांनी खानावळीत यायचं. आम्हीही जेवलो. पोलेंटा म्हणून मक्याचा घट्ट घाटा होता, वर चीज. सौभाग्यवतींनी पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढली आणि वाढणाऱ्या मुलीनं ती चाखून बघितली. तिला विचारलं, तू इथलीच का? म्हणाली, नाही, खालून रोज येते. काम वर आणि घर खाली! तिच्या पणजीचं बहुधा याच्या उलट असेल.

दुरुस्ती नेटकी आहे, जुन्या भिंतींना उगाच पॉलिश मारलेलं नाही. पण रात्री तिथं झोपणारे पाहुणे रहिवाशांपेक्षा जास्त असणार, आणि त्यातला एकही कोणत्याच रकान्यात नाही. 2012 मध्ये स्विस जनतेनं मतदान करून नियम केला की कोणत्याही गावात सुट्टीपुरती वापरायची घरं 20 टक्क्यांहून जास्त असू नयेत. डोंगरातल्या अशा किती गावांत ती हद्द आधीच ओलांडून गेलेली आहे.

परतल्यावर सुरगाण्याकडं असलेल्या एका तरुण तलाठ्याचा फोन आला होता. आता पदाचं नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी केलंय, पण आम्ही आपसात तलाठीच म्हणतो. पुढच्या जनगणनेची माणसं मोजण्याची फेरी पुन्हा फेब्रुवारीतच आहे, संदर्भदिन 1 मार्च 2027. त्यानं विचारलं, भाऊसाहेब, कुलूपबंद घरांचं काय करायचं? मी म्हटलं, सूचना येतील तसंच कर, नियम तुला-मला बदलता येणार नाही. पण दिवाळीच्या आत, माणसं पाड्यावर असतानाच एक साधी वही घाल. घरवार किती डोकी, कोणत्या मुकादमाबरोबर, कोणत्या बागेवर, होळीला परत कोण येणार. ग्रामसभेत ती वाचून दाखव आणि ठरावात घे. उद्या रस्त्यासाठी, अंगणवाडीसाठी कुणी आकडा पुढं केला की हा ठराव त्याच्या शेजारी ठेवता येईल. तो म्हणाला, माझ्याकडं चार सजांचा, म्हणजे चार तलाठ्यांच्या हद्दींचा कार्यभार आहे, वही कधी घालू? मी त्याला पोलीस पाटलाचा आणि आशाताईंचा नंबर घ्यायला सांगितलं.